काकूंच्या मेंदूतली 'भोकं' : एका एमआरआय रिपोर्टची पूर्ण केस

पेशंट ५९ वर्षांच्या बाई, कराडच्या पुढच्या एका गावातल्या, आपण त्यांना काकूच म्हणूया. त्यांची परवानगी घेतलीय आणि ओळखीच्या खुणा बदलल्यात. डायबेटिस बरीच वर्षं, मेटफॉर्मिनवर. बीपीची गोळी पूर्वी चालू होती, मग "आता नॉर्मल आलंय" म्हणून घरीच बंद केलेली. तक्रार काय तर चक्कर आणि मागून डोकं जड. माझ्याकडे आल्या तेव्हा बाहेर एमआरआय झालेला होता, त्यावरून मेंदूत किडे झालेत असं सांगून अल्बेंडॅझोल हे जंतांचं औषध, स्टिरॉइड आणि फिटची गोळी असं तिन्ही चालू होतं. त्या दिवशीची ओपीडीतली शुगर ३४०.

मी न्यूरोलॉजिस्ट आहे आणि हल्ली पेरिव्हॅस्क्युलर स्पेसेस (मेंदूतल्या रक्तवाहिन्यांभोवतीच्या मोकळ्या जागा, शीर्षकातली भोकं तीच) हा शब्द असलेला रिपोर्ट हातात घेऊन रडवेला चेहरा करून बसलेलं माणूस बघितलं नाही असा आठवडा जात नाही. कुणी डोकं दुखतं म्हणून एमआरआय केलेला असतो, कुणी बाइकवरून पडलं म्हणून, कुणी नुसतंच चेकअपच्या पॅकेजमधे. काकूंची केस सविस्तर लिहितेय कारण तिच्यात या विषयातल्या जवळपास सगळ्या गोष्टी एकाच माणसात एकदम होत्या, आणि ज्या गोष्टीकडे सगळे बघत होते ती सोडून दुसरीच गोष्ट महत्त्वाची निघाली.

सुरुवात कशी झाली ते आधी. पहाटे काकडा ऐकायला उठायचं म्हणून अंथरुणात उजव्या कुशीवर वळल्या की घर गरगर फिरायचं. खाटेची कड गच्च धरून पडून राहायचं, काही सेकंदांत थांबायचं, मग उठून बसलं की बरं. वर बघून फडताळातला डबा काढतानाही तसंच. ऐकू नीट येतंय, कान वाहत नाही, बोलणं अडखळत नाही. गावातल्या डॉक्टरांनी चक्करेच्या गोळ्या दिल्या, थोडं बरं वाटलं, परत सुरू. पुण्याच्या मुलाने फोनवरून धोशा लावला की आई एकदा एमआरआय करून टाक, म्हणून तालुक्याला केला.

रिपोर्टमधे लिहिलेलं असं होतं की दोन्ही बाजूंच्या बेसल गँग्लियामधे (मेंदूच्या आत खोलवरचा भाग) आणि वरच्या पांढऱ्या भागात बऱ्याच छोट्या छोट्या सिस्टिक फोसाय म्हणजे पाणी भरलेले ठिपके दिसतायत, सीएसएफसारखा (मेंदूभोवतीच्या पाण्यासारखा) सिग्नल. शक्यता तीन, ठळक पेरिव्हॅस्क्युलर स्पेसेस किंवा लॅक्युनर इन्फार्क्ट्स (छोटे जुने स्ट्रोक) किंवा न्यूरोसिस्टिसर्कोसिस (मेंदूत फीतकृमीच्या अळ्या), क्लिनिकली कोरिलेट करा, म्हणजे पेशंट तपासून ठरवा. आता रेडिओलॉजिस्टच्या बाजूने बोलायचं तर त्यांच्याकडे आलेल्या चिठ्ठीवर फक्त "चक्कर" एवढंच लिहिलेलं, बीपी नाही शुगर नाही वय पण अंदाजे, तर ते तीन शक्यता लिहिणारच. पण मग पुढे ज्यांनी वाचलं त्यांनी त्या तीनमधली सगळ्यात भीतीदायक उचलली आणि औषधं सुरू झाली. जावयांनी मोबाइलवर ब्रेन सिस्ट सर्च केलं, तिथे ट्यूमरची चित्रं दिसली, घरात रडारड.

काकू समोर बसल्या आणि त्यांनी चक्करेचं काहीच सांगितलं नाही. पहिलं वाक्य हे होतं, "डॉक्टरसायेब, मी माळकरी हाय, आमच्या घरात अंडंसुदिक येत न्हाई, आन् ह्ये म्हंत्यात डुकराचा किडा डोक्यात गेलाय." आणि पदर डोळ्याला. सूनबाईंनी हळूच सांगितलं की शेजारी काय म्हणतील म्हणून आजाराचं नावच कुणाला सांगितलेलं नाहीये, वारीच्या दिंडीतल्या बायकांना पण नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायलाच हवी. न्यूरोसिस्टिसर्कोसिस शाकाहारी माणसाला होऊ शकतो, होतोच. फीतकृमी ज्याच्या आतड्यात आहे त्या माणसाच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात, ती उघड्यावरून पाण्यात, भाजीत जातात, न धुतलेली कोथिंबीर, कच्चा कोबी, अस्वच्छ हातांनी केलेला स्वयंपाक यातून दुसऱ्याच्या पोटात जातात आणि मग अळी मेंदूत जाऊन बसते. नीट न शिजलेलं डुकराचं मांस खाल्ल्याने आतड्यात फीतकृमी होतो, पण मेंदूतला आजार अंड्यांमुळे होतो, मांसामुळे नाही. म्हणून काकूंना मी सांगितलं की तुम्ही माळकरी आहात म्हणून मी हा आजार नाही असं म्हणणार नाही, आणि समजा असता तरी त्यात लाज वाटावी असं तुमच्या हातून काही घडलेलं नसतं. तो आहे की नाही हे आपल्याला चित्रावरून ठरवायचंय. मग त्या जरा सावरल्या आणि चक्करेचं बोलायला लागल्या.

आता ही भोकं म्हणजे काय. मेंदूच्या पृष्ठभागावरून बारीक रक्तवाहिन्या आत शिरतात, आणि शिरताना रक्तवाहिनीच्या भोवती एक अरुंद मोकळी जागा राहते. भिंतीतून नळाचा पाइप आरपार नेला की पाइपाभोवती थोडी फट राहते ना, तसं समजा. त्या फटीत पाण्यासारखा पातळ द्रव असतो. ही जागा तुमच्या माझ्या सगळ्यांच्या मेंदूत आहे, जन्मापासून. व्हर्चो यांनी १८५१ मधे आणि रॉबिन यांनी १८५९ मधे तिचं वर्णन केलं म्हणून जुने डॉक्टर अजून व्हर्चो-रॉबिन स्पेसेस म्हणतात, आणि बऱ्याच रिपोर्टमधे तेच नाव येतं, गोष्ट एकच. मेंदू कापल्यावर चाळणीसारखा दिसतो हे तर १८४० च्या दशकातच फ्रान्समधे ड्युरां-फार्देल यांनी लिहून ठेवलेलं. तरुणपणी या जागा इतक्या बारीक असतात की साध्या एमआरआयवर फार दिसत नाहीत, वय वाढलं की रुंदावतात, बीपी असेल तर जास्त. आणि मशीन जेवढं चांगलं तेवढ्या जास्त दिसतात, १.५ टेस्लावर (टेस्ला म्हणजे मशीनच्या चुंबकाची ताकद) चार दिसल्या तर ३ टेस्लावर त्याच माणसाच्या कितीतरी जास्त दिसतील, त्याचा आजार वाढलाय असा अर्थ नाही होत.

काकूंनी फिल्म आणली होती, एका शीटवर छोटी छोटी चित्रं. त्यावर एक मिलिमीटर दोन मिलिमीटरच्या ठिपक्याचा निकाल लावणं मला पटत नाही, म्हणून मुलाला सेंटरवरून सीडी आणायला पाठवलं. माझं सगळ्यांना सांगणं असतं, एमआरआय केला की सीडी किंवा लिंक मागून घ्या, नुसता रिपोर्ट आणि फिल्मवर भागवू नका. दुसऱ्या दिवशी सीडी आली आणि सगळे सीक्वेन्स, म्हणजे एकाच एमआरआयमधे वेगवेगळ्या पद्धतीने काढलेली चित्रं (टी-टू, टी-वन, फ्लेअर, डिफ्यूजन), शेजारी शेजारी लावून बघितले.

बघायचं कसं ते थोडं सांगते, कारण इथेच सगळं ठरतं. टी-टू वर पाणी पांढरं दिसतं, त्यामुळे किडा, जुना स्ट्रोक, सिस्ट, पेरिव्हॅस्क्युलर स्पेस सगळंच पांढरं, त्या एका चित्रावर घाबरणं चुकीचं आणि निश्चिंत होणं पण चुकीचं. टी-वन वर हे काळं. खरा उपयोग फ्लेअरचा, त्यात मोकळ्या पाण्याचा सिग्नल दाबला जातो, म्हणजे स्वच्छ द्रव भरलेली जागा काळी होते आणि मेंदूच्या पेशींना इजा होऊन जिथे व्रण झालाय ती जागा पांढरी राहते. काकूंचे बहुतेक सगळे ठिपके फ्लेअरवर पूर्ण काळे, कडेला पांढरी रेघ नाही, आजूबाजूला सूज नाही. डिफ्यूजनवर काही नाही, म्हणजे ताजा स्ट्रोक नाही.

मग मी बाजूने घेतलेली चित्रं उघडली, सॅजिटल. समोरून गोल दिसणारा ठिपका बाजूने बघितला की लांबट होतो, एक बारीक रेघ, खालून वर जाणारी, बरोबर रक्तवाहिनीच्या वाटेने. स्क्रीनवर एकेक स्लाइस पुढे सरकवत गेलं की ठिपका नाहीसा होत नाही, सरकत सरकत पुढच्या स्लाइसमधे जातो. फीतकृमीची अळी अशी रेघ होत नाही, ती कुठूनही बघा गोलच, आणि तिच्या आत एका बाजूला बारीक टिंब असतं, अळीचं डोकं, त्याला स्कोलेक्स म्हणतात. काकूंच्या एकाही भोकात टिंब नाही. शिवाय किडे बहुधा मेंदूच्या कडेला, राखाडी आणि पांढऱ्या भागाच्या सीमेवर बसतात आणि वेगवेगळ्या अवस्थेत असतात, एक जिवंत, एक सुजलेला, एक चुन्यासारखा कडक झालेला. इथे सगळं कसं, डावीकडे उजवीकडे जवळपास सारखं, बेसल गँग्लियाच्या खालच्या भागात जिथून रक्तवाहिन्या आत शिरतात बरोबर तिथे, सगळी एकाच रूपाची. सगळ्यात मोठं एक साधारण ६ मिलिमीटरचं, लंबगोल, ते बघूनच बहुतेक "सिस्ट" लिहिलं गेलं असणार. त्या भागात एखादी जागा एवढी मोठी असणं नवीन नाही.

काँट्रास्ट देऊन परत एमआरआय करूया का असं मुलाने विचारलं. गरज नव्हती. आहे त्या चित्रांत उत्तर स्वच्छ होतं, आणि डायबेटिस असलेल्या बाईंना आणखी एक इंजेक्शन, आणखी काही हजारांचा खर्च कशासाठी. शंका खरंच राहिली असती तर केला असता.

इथपर्यंत गोष्ट सोपी, किडे नाहीत, भोकं निरुपद्रवी, घरी जा. बऱ्याच केसेस इथेच संपतात. पण फ्लेअर परत एकदा वरपासून खालपर्यंत सरकवताना उजव्या बाजूला, बेसल गँग्लियाच्या जरा वर, कोरोना रेडिएटा नावाच्या पांढऱ्या भागामधे एक भोक वेगळं दिसलं. आकाराने ते सगळ्यात मोठं नव्हतं, ५ मिलिमीटर असेल. पण आत काळं आणि भोवती पांढरी कड, बाजूने बघितलं तर रेघ नाही, वेडंवाकडं. डाव्या बाजूला त्याचा जोडीदार नाही. हे पेरिव्हॅस्क्युलर स्पेस नव्हतं, हा लॅक्यून होता, म्हणजे बारीक रक्तवाहिनी बंद पडून झालेला जुना छोटा स्ट्रोक. २०१३ मधे या क्षेत्रातल्या तज्ज्ञांनी मिळून बारीक रक्तवाहिन्यांच्या आजारात एमआरआयवर कशाला काय म्हणायचं याचे नियम ठरवले, २०२३ मधे सुधारले, त्यात लॅक्यून ३ ते १५ मिलिमीटरचा आणि पेरिव्हॅस्क्युलर स्पेस बहुतेक वेळा ३ मिलिमीटरपेक्षा कमी असं दिलंय. पण काकूंचंच बघा, ६ मिलिमीटरवालं निरुपद्रवी आणि ५ मिलिमीटरवालं स्ट्रोक, तर नुसत्या मापाने चालत नाही, जागा, आकार, कड सगळं एकत्र बघावं लागतं.

उजव्या मेंदूतला स्ट्रोक म्हणजे शरीराची डावी बाजू. मी विचारलं, काकू कधी डावा हात जड पडला होता का, हातातून भांडं निसटलं वगैरे? नाही म्हणाल्या. मग सूनबाई म्हणाल्या, "आत्या, मागल्याच्या मागल्या दिवाळीला चकल्यांचं आठवतंय का?" त्या दिवाळीला काकूंना सोऱ्या दाबता येईना, डाव्या हाताने धरायला जायच्या आणि पकड सुटायची, पीठ तसंच राहिलं, शेवटी सुनेने चकल्या पाडल्या. रात्री हाताला वात आला म्हणून तेल लावून शेक दिला, दोन दिवसांत हात बरा झाला, विषय संपला. डॉक्टरकडे कुणीच गेलं नाही. हा तो स्ट्रोक, अगदी तंतोतंत त्याच दिवशीचा हे मी शपथेवर नाही सांगू शकत पण जागा जुळते, लक्षण जुळतं, आणि तपासताना डाव्या हाताचे रिफ्लेक्स उजव्यापेक्षा थोडे तेज होते, डाव्या हाताची बोटं भराभर आपटताना जरा मागे पडत होती.

मला या केसमधली सगळ्यात लागलेली गोष्ट हीच. आठवडाभर अख्खं घर नसलेल्या किड्यांना घाबरत होतं, त्यांच्यावर औषधं चालू होती, आणि खरा झालेला स्ट्रोक त्याच चित्रात होता, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. घरातल्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. हात दोन दिवसांत बरा झाला तर गावाकडे कोण त्याला स्ट्रोक म्हणेल, आपल्याकडे स्ट्रोक म्हणजे तोंड वाकडं आणि अर्धं अंग लुळं, एवढंच माहितीय. पण हात, पाय, चेहरा, बोलणं यातलं काही अचानक बिघडलं तर भले तासात बरं होवो, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचं. वात, गॅस, दृष्ट यात वेळ घालवायचा नाही.

बीपी बघितलं, उजव्या हाताला १७२/९८. घाबरल्यामुळे असेल म्हणून शांत बसवून परत, मग डाव्या हाताला, फारसा फरक नाही. तरी एका दिवसाच्या आकड्यावर मी जात नाही, आणि स्टिरॉइड चालू असताना बीपी तसंही वाढतं. म्हणून बीपी जुनं आहे का याचे पुरावे शोधले. ईसीजीत हृदयाचा डावा कप्पा जाड झाल्याच्या खुणा. डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या अरुंद, एकमेकींना ओलांडतात तिथे दबलेल्या. लघवीत अल्ब्युमिन. म्हणजे गोळी बंद केल्यापासून, कदाचित त्याच्याही आधीपासून, बीपी वर होतं आणि डोळा, हृदय, किडनी, मेंदू चारही ठिकाणी त्याचा मार बसत होता.

आणि ती भोकं? ती कुठे जास्त आहेत याला अर्थ असतो, हे अलीकडच्या वर्षांत बरंच स्पष्ट झालंय. बेसल गँग्लियामधे जास्त असतील तर त्यांचं नातं बीपी आणि खोलवरच्या बारीक वाहिन्यांच्या आजाराशी. वरच्या पांढऱ्या भागात म्हणजे सेंट्रम सेमिओव्हेलमधे खूपच जास्त असतील तर त्यांचं नातं अमायलॉइड अँजिओपॅथीशी, ज्यात म्हातारपणी वाहिन्यांच्या भिंतीत अमायलॉइड नावाचं प्रथिन साठतं आणि मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. २०२२ च्या बोस्टन क्रायटेरियात, म्हणजे या अँजिओपॅथीच्या निदानाच्या नियमांत, तर एका बाजूला २० पेक्षा जास्त अशा जागा दिसणं ही एक खूण म्हणून धरलीय, अर्थात एकटीच नाही, बाकीच्या खुणांबरोबर. काकूंचं पारडं स्पष्ट बेसल गँग्लियाकडे होतं, तिथे एका बाजूला मोजल्यावर वीसपेक्षा जास्त, वरच्या पांढऱ्या भागात मोजक्याच. आणि बारीक जुने रक्तस्राव दाखवणाऱ्या सीक्वेन्सवर एकही काळा डाग नाही, जे औषध ठरवताना महत्त्वाचं. म्हणून मी काकूंच्या मुलाला असं सांगितलं की या भोकांवर औषध नाही, ती बुजत नाहीत, बुजवायची गरज पण नाही, पण ती जिकडे बोट दाखवतायत त्या बीपीवर औषध आहे आणि ते आजपासून.

चक्कर राहिलीच की. ती ज्यासाठी आल्या होत्या! टेबलावर बसवलं, मान उजवीकडे वळवून झटकन मागे आडवं केलं, दोन-चार सेकंद काही नाही आणि मग "आई गं, फिराय लागलं" म्हणून माझा हात पकडला, डोळे ठरावीक पद्धतीने वर आणि गोल फडफडायला लागले, अर्ध्या मिनिटात थांबले. कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या नळीत कॅल्शियमचे बारीक कण सरकून जातात, त्याची ही चक्कर, बीपीपीव्ही. मेंदूशी, भोकांशी, स्ट्रोकशी काही संबंध नाही. एप्ली म्हणून एक मॅन्युव्हर आहे, ठरावीक क्रमाने डोकं आणि अंग वळवून ते कण जागेवर आणायचे, ते तिथेच केलं. परत तपासलं तर चक्कर नाही. काकू उठून बसल्या आणि मान स्वतःच इकडे तिकडे वळवून बघत राहिल्या. ज्या तक्रारीसाठी एमआरआय झाला ती तक्रार टेबलावर पाच मिनिटांत सुटणारी होती, आणि ही तपासणी एमआरआयच्या आधी व्हायला हवी होती असं माझं ठाम मत आहे. पण एमआरआय झाला म्हणून स्ट्रोक सापडला हेही खरं, दोन्ही मान्य करावं लागतं.

औषधांचं. अल्बेंडॅझोल त्याच दिवशी बंद. स्टिरॉइड आठवडाभरच झालेलं म्हणून थेट बंद करता आलं, महिनोन्महिने चालू असलेलं स्टिरॉइड असं एकदम कुणी बंद करू नका, ते धोक्याचं. फिटची गोळी काकूंना कधीच फिट आलेली नसताना सुरू झाली होती आणि त्याने त्या दिवसभर झोपाळू आणि नातवावर वसवस करणाऱ्या झाल्या होत्या, ती हळूहळू कमी करत थांबवली. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन मुद्दाम कारण डायबेटिस आणि लघवीत अल्ब्युमिन. काही आठवड्यांत १३० / ८० च्या खाली आणायचं असं ठरवलं, एका रात्रीत नाही. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन. आणि क्लोपिडोग्रेल, रक्त पातळ ठेवायला. इथे थोडं थांबते, कारण पेरिव्हॅस्क्युलर स्पेसेस दिसल्या म्हणून अ‍ॅस्पिरिन चालू केलेले पेशंट माझ्याकडे येतात आणि ते चूक आहे, नुसत्या भोकांसाठी रक्त पातळ करायचं नसतं. लॅक्यून दिसला पण आयुष्यात कधी लक्षणच नाही अशा माणसाला द्यायचं की नाही यावरही डॉक्टरांच्यात एकमत नाही. काकूंच्या बाबतीत चकलीच्या सोऱ्याने तो प्रश्न सोडवला, लक्षण आलेला स्ट्रोक होता, म्हणून द्यायचंच.

मिठाचं बोलणं झालं. घरात लोणचं, खारवलेल्या मिरच्या, पापड रोज, आणि उपवासाला शेंगदाणे पण खारे. दंडाला बांधायचं डिजिटल मशीन घ्यायला लावलं, सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी बसून, नातू वहीत लिहिणार. "नॉर्मल आलं की बंद" हे का चालत नाही ते सगळ्या घराला बसवून सांगितलं, नॉर्मल आलंय ते गोळीमुळे आलंय.

मुलगी फोनवर होती, तिचा प्रश्न वेगळा. तिने कुठेतरी वाचलं होतं की अशी भोकं म्हणजे पुढे अल्झायमर. काकूंची स्मृती तपासली. हरिपाठ अख्खा पाठ आहे हे सूनबाईंनी कौतुकाने सांगितलं, पण लहानपणापासूनचं पाठांतर शेवटपर्यंत टिकतं, त्याने नव्या स्मृतीची परीक्षा होत नाही. मी पाच शब्द सांगून थोड्या वेळाने विचारले, मागच्या आठवड्यात घरात काय काय झालं विचारलं, डेअरीचा दुधाचा हिशेब घालायला लावला, तो माझ्याआधी झाला त्यांचा. काही कमी नव्हतं. मोठ्या अभ्यासांमधे जास्त पेरिव्हॅस्क्युलर स्पेसेस आणि बारीक वाहिन्यांचे आजार, स्ट्रोक, स्मृतीच्या तक्रारी यांचं नातं दिसतं हे खरं, पण ते हजारो माणसांच्या सरासरीचं नातं आहे, समोरच्या एका बाईंच्या भोकांकडे बघून तिला पुढे काय होईल हे त्यातून निघत नाही. बीपी, शुगर, झोप, चालणं, माणसांत राहणं, हातात असलेलं हेच.

तिचा पुढचा प्रश्न झोपेवर होता, झोपेत मेंदू या जागांमधून कचरा धुतो म्हणे. २०१२ मधे अमेरिकेत रॉचेस्टरला नेडरगार्ड यांच्या गटाने उंदरांमधे दाखवलं की सीएसएफ याच रक्तवाहिन्यांभोवतीच्या वाटांनी मेंदूत शिरतो आणि नको असलेले पदार्थ घेऊन जातो, त्याला ग्लिंफॅटिक सिस्टिम असं नाव पडलं, पुढच्या वर्षी झोपेत हे जास्त होतं असंही उंदरांमधेच आलं. मग २०२४ मधे लंडनच्या एका गटाला उंदरांमधेच उलटं दिसलं, झोपेत कमी होतं असं. म्हणजे वाद चालू आहे. जागा रुंदावणं म्हणजे हा निचरा तुंबणं का, हा फार आकर्षक विचार आहे आणि मला स्वतःला तो पटण्यासारखा वाटतो, पण माणसात तो पक्का सिद्ध झालेला नाही. त्यामुळे ब्रेन डिटॉक्सच्या नावाने चूर्ण, कॅप्सूल, ड्रिप विकणाऱ्यांना पैसे देऊ नका. झोप नीट घ्या, ती इतर शंभर कारणांसाठी लागतेच.

अशा जागा क्वचित खरंच त्रास देतात ते पण सांगते, नाहीतर अर्धवट होईल. मिडब्रेन आणि थॅलॅमसच्या, म्हणजे मेंदूच्या आतल्या मध्यभागी त्या कधीकधी द्राक्षाच्या घडासारख्या मोठ्या होतात, १५ मिलिमीटरच्या वर, आणि पाणी वाहून जायच्या अरुंद वाटेवर दाब येऊन डोक्यात पाणी साठतं, तेव्हा डोकेदुखी, उलटी, चालताना तोल जाणं, आणि तेव्हा ऑपरेशन लागू शकतं. टेम्पोरल लोबच्या पुढच्या टोकाला एक प्रकार आढळतो ज्याच्या भोवती फ्लेअरवर पांढरं दिसतं आणि ट्यूमरचा संशय येतो, तिथे घाईने बायोप्सी करण्यापेक्षा अनुभवी न्यूरोरेडिओलॉजिस्टला दाखवून काही महिन्यांनी परत स्कॅन करणं शहाणपणाचं. लहान मुलात खूप जास्त असतील आणि जोडीला चेहरा जाडसर, वारंवार हर्निया, वाढ मागे, तर म्युकोपॉलिसॅकरिडोसिससारख्या जन्मजात आजाराची तपासणी हवी. एचआयव्ही असलेल्या माणसात बेसल गँग्लियातली अशीच दिसणारी भोकं क्रिप्टोकॉकस बुरशीची असू शकतात. थोडक्यात कोणाच्या डोक्यातली भोकं आहेत हे भोकांइतकंच महत्त्वाचं.

काकू तीन महिन्यांनी आल्या. वहीत आकडे १२६, १३०, १२४, मधे एक १४८, त्या दिवशी गावची जत्रा. स्टिरॉइड थांबल्यावर शुगर खाली आलीच होती, उपाशीपोटी १२० च्या आसपास. चक्कर मधे एकदाच आली, सुनेने आम्ही शिकवलेला व्यायाम करून घेतला, गेली. मुलाला एमआरआय परत करायचा होता, भोकं कमी झाली का बघायला. मी नाही म्हटलं, ती आहेत तशीच असणार, एखादी वाढलेली दिसली तरी मी औषध बदलणार नाही. नवीन लक्षण आलं, हात-पाय, बोलणं, चालणं, स्मृती यात बदल झाला तर मात्र त्याच दिवशी.

एक काम उरलं होतं. त्या सेंटरच्या रेडिओलॉजिस्टना मी सगळी माहिती कळवली होती, बीपी, डाव्या हाताची हिस्टरी, तपासणी. त्यांनी सीडी पुन्हा काढून बघितली, गोष्ट मनावर घेतली आणि सुधारित रिपोर्ट दिला, दोन्ही बेसल गँग्लियामधे ठळक पेरिव्हॅस्क्युलर स्पेसेस, उजव्या कोरोना रेडिएटामधे जुना लॅक्युनर इन्फार्क्ट, सिस्टिसर्कोसिसची लक्षणं नाहीत. जुना रिपोर्ट काढून हा फाइलमधे सगळ्यात वर लावला, कारण पुढे कधी रात्री-अपरात्री काकूंना कुठल्या दवाखान्यात नेलं तर तिथला डॉक्टर फाइलचं पहिलं पानच वाचणार. सूनबाईंनी त्याचा मोबाइलवर फोटो काढून घेतला आणि विचारलं, दिंडीतल्या बायकांना आता सांगितलं तर चालेल ना.

सांगा म्हटलं, आणि डाव्या हाताचं पण सांगा, त्यांच्यातल्या कितीजणींनी बीपी कधी मोजलेलंच नसेल.